फितीची लेखनसीमा

आंतरदेशीय पत्र लिहिणारा माणूस सुरुवातीला ऐसपैस असतो. पावसाची, पिकाची, घरातल्या दुखण्याची हकीकत मोकळ्या अक्षरात येते. तिसऱ्या घडीवर आला की अक्षर बारीक होते, ओळी एकमेकींना चिकटतात आणि खरे काम, म्हणजे पैशाचे किंवा मुलीच्या स्थळाचे, नेमके तिथे सुरू होते. मग समासात उभे लिहायचे, डिंकाच्या पट्टीजवळ आडवे लिहायचे आणि ‘बाकी समक्ष भेटीत’ म्हणून सही ठोकायची. साताऱ्याहून येणारी माझ्या आत्याची पत्रे अशीच असत. ती हातात फिरवत फिरवत वाचावी लागत.

पण आत्याला निदान कागद दिसत होता. चुंबकीय फितीवर लिहिणाऱ्या यंत्राला ही सोय नाही. फितीचा जेवढा तुकडा हेडसमोरून सरकतो तेवढाच त्याला ठाऊक. पुढे रिळावर दोन हजार फूट उरले आहेत की दोन, हे त्याला आपणहून कळत नाही. आणि जो प्रोग्राम त्या यंत्राला ‘हे लिही, ते लिही’ असे हुकूम सोडतो, तो तर आणखी एक पायरी लांब. त्याने फीत पाहिलेलीच नसते. तरीही बॅकअप घेणारे प्रोग्राम इतकी वर्षे फितीच्या शेवटापाशी वेळेवर थांबत आले आहेत. बहुतेक वेळा. ते कसे, हा या लेखाचा विषय. माझ्या नोकरीची बरीच वर्षे सांगलीत या फितींबरोबर गेली, आणि निवृत्तीनंतर मोडी शिकून मी सातारा-मिरजेच्या जुन्या कागदांकडे वळलो. दोन्हीकडे हाच एक प्रश्न भेटला, म्हणून दोन्हीकडची हकीकत एकत्र सांगतो आहे.

सुरुवात कागदापासून करतो.

शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्याला झाला आणि मराठी राज्याचा मोठा पत्रव्यवहार त्या गावाभोवती फिरू लागला. त्यातले जे वाचले ते आज पुण्याच्या पुराभिलेखागारात ‘शाहू दप्तर’ आणि ‘सातारा महाराज दप्तर’ या नावांनी रुमालांत बांधलेले आहे. या कागदांची घडण पुस्तकासारखी नाही. हाती बनवलेल्या कागदाच्या लांबट पट्टीला ‘बंद’ म्हणत. मजकूर एका बंदात मावला नाही तर त्याच्या खालच्या कडेला खळीने दुसरा बंद चिकटवायचा, मग तिसरा. मोठी सनद किंवा महजर उलगडला तर तो एका माणसाच्या हातात मावत नाही. दुसऱ्याने टोक धरावे लागते. एका अर्थाने ही फीतच.

चिकटवलेल्या कागदाची एक अडचण असते. खळ निघते. मधला बंद काढून त्या जागी वेगळाच बंद लावता येतो. म्हणून सांध्याच्या पाठीमागे शिक्का मारत, अर्धा वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या. बंद बदलला तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळणार नाहीत. आणि सगळा मजकूर संपला की अगदी शेवटी एक लहान शिक्का, मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे आहेत. पुढच्या काळात ‘लेखनसीमा’ असा शब्द कोरलेली मोर्तबे आढळतात. त्याच्या जोडीला ‘मोर्तब सूद’ असे लिहीत. यातला ‘सूद’ फारसी ‘शुद’पासून आलेला, म्हणजे ‘झाले’. मोर्तबाच्या खाली काही लिहिलेले असेल तर ते पत्रातले नव्हे.

मोडी शिकताना मला वाटत होते की मोर्तब हा मानाचा किंवा अधिकाराचा भाग असावा. तो आहेच. पण त्याचे दुसरे काम कळले ते अपुरे कागद हाताळताना. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापत. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये वाईहून काढला. या पिढीच्या संपादकांनी हजारो पत्रे वाचली, आणि त्यांतली कितीतरी तुटलेली होती. तुटलेले पत्र तुटलेले आहे हे ओळखायचे कशावरून? वाक्य अर्धे राहिले असेल तर सोपे असते. पण बंद नेमका पूर्णविरामापाशी सुटला असेल तर? मोडीत पूर्णविराम नसतोच म्हणा. तेव्हा मजकूर ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत आला का आणि खाली मोर्तब आहे का, हेच पाहायचे. नसेल तर पत्र अपूर्ण. लिहिणाऱ्या कारकुनाला आपले पत्र संपले हे ठाऊकच होते. त्याला खुणेची गरज नव्हती. ती खूण दीडशे वर्षांनंतरच्या खरेशास्त्र्यांच्या कामी आली.

म्हणजे शेवट दोन असतात. एक कागदाचा आणि एक लिखाणाचा. कागद आधी संपला तर जोड लावायचा आणि सांध्यावर शिक्का मारायचा. लिखाण आधी संपले तर मोर्तब करायचे आणि खालचा कोरा कागद कोरा राहू द्यायचा. फितीवर लिहिणाऱ्यांना हा फरक विसाव्या शतकात पुन्हा शोधावा लागला.

आयबीएमने १९५२ मध्ये ७२६ हे फीत-यंत्र बाजारात आणले. प्लॅस्टिकची अर्धा इंच रुंद फीत, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप, सेकंदाला ७५ इंच वेग. त्याच्या एक वर्ष आधी युनिव्हॅक संगणकाने फीत वापरली होती, पण ती धातूची होती आणि जड होती. प्लॅस्टिकची फीत टिकली. १९६४ मध्ये आयबीएमचे सिस्टीम ३६० संगणक आले तेव्हापासून २४०० फुटांचे साडेदहा इंची रीळ जवळपास सगळ्या जगाचे माप झाले. त्याच वर्षी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, आणि फितीवर काम करणारी मराठी मंडळीही तयार होऊ लागली.

सांगलीला फीत त्याच्याही आधी, १९६३ मध्ये आली होती. संगणकाची नव्हे, आकाशवाणीची. ती पाव इंच रुंदीची. सेकंदाला साडेसात इंच हा वेग धरला तर बाराशे फुटांचे रीळ ३२ मिनिटे चालते. रेडिओच्या स्टुडिओत फितीचा शेवट कुणाला हुडकावा लागत नाही. तंत्रज्ञ समोर बसलेला असतो, घड्याळ भिंतीवर असते, रिळाची जाडी डोळ्यांना दिसते आणि टोकाला रंगीत लीडर जोडलेला असतो. संगणकाच्या खोलीत रात्री दोन वाजता असा माणूस नसतो. असला तर पेंगत असतो.

म्हणून फितीलाच खूण लावली. अॅल्युमिनियमच्या वर्खाची, नखाएवढी, चिकट पट्टी. एक सुरुवातीच्या टोकापासून सुमारे १६ फुटांवर आणि एक शेवटच्या टोकाच्या सुमारे २५ फूट अलीकडे. दोन्ही पट्ट्या लेप नसलेल्या पाठीवर, पण एक फितीच्या एका कडेला आणि दुसरी दुसऱ्या कडेला. यंत्रात एक बारीक दिवा आणि प्रकाश ओळखणारा घटक. चकाकी एका कडेला दिसली तर सुरुवात, दुसऱ्या कडेला दिसली तर शेवट. सांध्याच्या पाठीवरच्या शिक्क्याची मला इथे आठवण होते. मजकूर एका अंगाला, मजकुराविषयीची खूण दुसऱ्या अंगाला.

वर्खाची ही पट्टी खऱ्या टोकाला न लावता २५ फूट अलीकडे लावली, याला महत्त्व आहे. २५ फूट म्हणजे ३०० इंच. इंचाला १६०० अक्षरे या घनतेने त्या जागेत ४ लाख ८० हजार अक्षरे मावतात. १९७३ मध्ये घनता ६२५० झाली तेव्हा तेवढ्याच जागेत पावणेएकोणीस लाख. इतकी जागा कोरी सोडायची? सोडायची नव्हे, राखायची. पट्टी दिसते तेव्हा यंत्र एखाद्या ब्लॉकच्या मध्यावर असू शकते. तो ब्लॉक पुरा झाला पाहिजे. त्यानंतर ‘हा मजकूर इथे संपलेला नाही, पुढच्या रिळावर चालू आहे’ अशी नोंद लिहिली पाहिजे. ती नोंद लिहायला जागाच उरली नाही, तर पुढचे रीळ आहे हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

या नोंदींचे ठरलेले रूप होते. रिळाच्या आरंभी रिळाचा क्रमांक, मग फाइलचे नाव. फाइल संपली तर ‘ईओएफ१’ हे लेबल. फाइल न संपता रीळ संपले तर ‘ईओव्ही१’. दोन्हींत आतापर्यंत किती ब्लॉक लिहिले त्याची संख्या. ज्यांनी दुकानात कीर्द लिहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. पान भरले की बेरीज मारायची आणि पुढच्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून तीच बेरीज पहिल्या ओळीत घ्यायची. मधले पान कुणी फाडले तर बेरीज जुळत नाही. लेबले न वापरणारे लोक नुसती ‘टेप मार्क’ नावाची खूण वापरत. फाइलींच्या मध्ये एक, आणि सगळे संपले की लागोपाठ दोन. दोन खुणा दिसल्या की पुढे वाचायचे नाही, मग पुढे फितीवर मागच्या वेळचे काय उरले असेल ते असो. जुनी फीत पुन्हा वापरली तर नव्या मजकुराच्या पुढे जुना मजकूर शाबूत असतो. मोर्तबाखाली लिहिलेले पत्रातले नव्हे, तसेच ते.

सांगलीकराला ही राखीव जागा समजावून सांगायला चकाकत्या पट्टीचीही गरज नाही. आयर्विन पूल पुरे. १९२९ चा हा पूल, आणि त्याच्या खांबावरचे फूट. पावसाळ्यात आमच्याकडे माणूस भेटला की ‘किती झाले?’ एवढेच विचारतो. कशाचे किती, हे विचारावे लागत नाही. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. इशारा पातळीला पाणी घरात येत नाही. मधले पाच फूट गुरे सोडायला, धान्याची पोती माळ्यावर चढवायला, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोचवायला. फितीच्या शास्त्रात याच गोष्टीला पूर्वसूचना म्हणतात. पूर्वसूचना मिळाली याचा अर्थ लेखन फसले असा नाही. लिहिलेले नीट लिहिले गेले आहे. फक्त आता आवरायला घ्या.

सातारा आणि सांगली एका नदीवर आहेत, त्यामुळे पुढची गोष्टही इथेच सापडते. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. त्याचे दरवाजे उघडले की पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग खाली सांगलीला येते. सांगलीला पाणी चढले म्हणून दरवाजे याच मिनिटाला बंद केले, तरी आधी सोडलेले पाणी वाटेत असते आणि ते येणारच. पुढच्या काळातल्या फीत-यंत्रांत हाच प्रकार झाला. यंत्राच्या आत स्वतःची साठवण, म्हणजे बफर, आली. प्रोग्राम मजकूर देतो, यंत्र लगेच ‘झाले’ म्हणते, पण मजकूर अजून फितीवर उतरलेला नसतो. तो वाटेत असतो. तेव्हा पूर्वसूचना इतकी आधी मिळायला हवी की वाटेतले सगळे उतरवूनही वर नोंदीपुरती जागा उरेल. हा हिशेब चुकला तर यंत्र ज्याला ‘झाले’ म्हणाले ते कुठेच नसते.

हे झाले यंत्रापुरते. प्रोग्रामचे काय?

बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्समध्ये ‘डम्प’ नावाचा बॅकअप प्रोग्राम होता. त्याने चकाकत्या पट्टीवर विसंबायचेच नाकारले. रीळ किती फुटांचे आणि घनता किती, हे त्याला आधी सांगायचे. मग लिहिता लिहिता तो मनाशी फूट मोजायचा. ब्लॉकची लांबी, अधिक दोन ब्लॉकमधला कोरा गाळा. १६०० च्या घनतेला हा गाळा ०.६ इंचाचा असे, म्हणजे ८० अक्षरांचा एकेक ब्लॉक लिहिला तर मजकूर इंचाचा विसावा हिस्सा आणि गाळा त्याच्या बारा पट. मोजणी ठरल्या फुटांपर्यंत आली की डम्प थांबून नवे रीळ मागायचा. आपण काहीच सांगितले नाही तर तो रीळ २३०० फुटांचे धरी. रीळ असते २४०० फुटांचे! हे शंभर फूट कुणी राखले असतील त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. कापड बेतणारा शिंपी वीतभर जास्त धरतो, तसला हा हिशेब.

मोजून लिहिण्यातही गोम होती. रिळाचे पहिले काही फूट चढवता-उतरवताना चुरगळतात. ऑपरेटर ते कापून टाकत आणि सुरुवातीची पट्टी पुन्हा चिकटवत. पाच-दहा वेळा असे झालेले रीळ २४०० चे राहत नाही, पण डब्यावर आकडा तोच. शिवाय फितीचा एखादा भाग खराब लागला तर यंत्र काही इंच पुसून पुढे सरकते आणि पुन्हा लिहिते. ते इंच प्रोग्रामच्या मोजणीत येत नाहीत.

मोजणीची पद्धत खरी मोडली ती कार्ट्रिज आणि आकुंचनामुळे. थ्रीएमने १९७२ मध्ये पाव इंची फितीचे बंद कार्ट्रिज काढले. त्यात वर्खाऐवजी फितीलाच टोकांजवळ बारीक भोके असत. भोकातून प्रकाश आरपार गेला की खूण समजायची. नंतरच्या डॅट फितींना टोकाशी पारदर्शक पट्टा आला. इथवर खुणांची जात बदलली, तत्त्व तेच राहिले. पण पुढे यंत्रेच मजकूर दाबून बसवू लागली. एकच रक्कम हजार वेळा आली तर ती थोडक्यात मावते. आधीच दाबलेले फोटो अजिबात दबत नाहीत. मग ‘या फितीवर किती मावेल?’ याला उत्तरच उरले नाही. काय लिहिणार त्यावर ते ठरणार, आणि लिहून होईपर्यंत ते कळणार नाही.

तेव्हा आजचे प्रोग्राम मोजत नाहीत. ते लिहीत राहतात आणि नकार येईपर्यंत लिहितात. अंधाऱ्या खोलीत हात पुढे करून चालावे आणि भिंत लागली की थांबावे, असा हा प्रकार. मात्र भिंत लागल्याचा निरोप कसा येतो यावर बरेच अवलंबून असते. लिनक्सची रीत मला आवडते. पूर्वसूचना लागली की चालू लेखन पुरे होऊ दिले जाते आणि ते झाले असे सांगितले जाते. त्याच्या पुढचे लेखन मागितले की ‘जागा संपली’ म्हणून नकार. पण त्यानंतरचे एक लेखन पुन्हा मुकाट्याने होऊ देतात. का? प्रोग्रामला शेवटची नोंद करायची असेल म्हणून. दारात चपला घालताना एखाद्याला ‘शेवटचे काय ते सांगून टाक’ म्हणावे, तसे.

हा नकार ओळखायला शिकलेला प्रोग्राम काय करतो? बॅकुला हा खुला प्रोग्राम २००० मध्ये लिहायला सुरुवात झाली आणि बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. फितीचा शेवट लागला की तो शेवटाची खूण उमटवतो, फीत मागे घेतो आणि आपणच लिहिलेला शेवटचा ब्लॉक वाचून पाहतो. क्रमांक अपेक्षित तोच आहे का? असेल तर पुढची फीत मागतो आणि जो ब्लॉक मावला नव्हता तिथून पुढे चालू करतो. जुन्या कागदांवर ‘रुजू’ असा शेरा असतो, म्हणजे ताडून पाहिले. फितीच्या जगाला हा शेरा सुचायला बराच वेळ लागला, कारण मागे जाऊन वाचायला वेळ लागतो आणि रात्रीच्या कामात सगळ्यांना घाई असते.

२००० मध्येच एलटीओ जातीच्या फिती आल्या. रुंदी अर्धा इंच, जवळपास १९५२ चीच. पहिल्या पिढीच्या फितीची लांबी ६०९ मीटर आणि मावणारा मजकूर १०० गिगाबाइट. भोके नाहीत, वर्ख नाही. फितीवर कारखान्यातच आखलेल्या मार्गरेषा असतात आणि त्यांच्यावरून आपण कुठे आहोत ते यंत्राला सतत कळते. कार्ट्रिजमध्ये एक चिप असते, तिच्यात फितीची कुंडली. हे यंत्र शेतकरी नांगर वळवतो तसे एका टोकाला जाते, वळते, शेजारची ओळ धरून परत येते. पहिल्या पिढीत अशा ४८ फेऱ्या. फेऱ्या समसंख्य, म्हणून शेवटची फेरी जिथे संपते ते ठिकाण फितीच्या आरंभाजवळ असते. फीत पूर्ण भरली तेव्हा तिची सुरुवातच हेडसमोर असते. इथे ‘फितीचे टोक’ आणि ‘फितीचा शेवट’ यांचा संबंधच तुटला.

आता माझी हकीकत. ती सांगायला मी फारसा उत्सुक नाही, पण वरचे सगळे मी ज्या कारणाने शिकलो ते कारण ही आहे.

२००५ साली मी सांगलीतल्या एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात होतो. संस्थेच्या शाखांची खाती एका मशीनवर. रोज रात्री बॅकअप डॅट फितीवर, सोमवार ते शनिवार सहा फिती, प्रत्येकीची क्षमता २ गिगाबाइट. बॅकअपची स्क्रिप्ट मीच लिहिली होती, ‘टार’ हा प्रोग्राम वापरून. हा युनिक्सचा जुना प्रोग्राम, १९७९ चा. रात्रपाळीच्या शिपायाला पडद्यावरचे इंग्रजी निरोप बघून भीती वाटे आणि तो मला घरी फोन करी, म्हणून मी निरोप पडद्यावर न येऊ देता परस्पर टाकून देण्याची ओळ घातली. एक ओळ. सकाळी फीत बाहेर आलेली असे. ती डबीत घालायची, वहीत सही करायची, कपाटात वरच्या फळीवर ठेवायची.

जुलैच्या शेवटी पाणी चढू लागले. ४० झाले, ४५ झाले, आणि चढतच राहिले. त्या वर्षी कृष्णा आयर्विन पुलाशी ५३ फुटांच्या वर गेली. तळमजल्यावरचे आमचे मशीन पाण्यात गेले. फिती वरच्या फळीवर कोरड्या राहिल्या. फोनवर मी वरिष्ठांना सांगितले, साहेब, काळजी नको.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या मशीनवर शनिवारची फीत लावली. खाती उतरू लागली. शाखांच्या क्रमाने एकेक नाव पडद्यावर येत होते, आणि एका शाखेच्या मध्यावर यंत्र थांबले. निरोप आला: संग्रहाचा शेवट अनपेक्षित.

टार आपले काम संपवताना शेवटी ५१२ बाइटांचे दोन ब्लॉक लिहितो, नुसत्या शून्यांचे. त्यांचा दुसरा काही उपयोग नाही. ते दिसले की संग्रह पुरा. शनिवारच्या फितीवर ते नव्हते. शुक्रवारच्या फितीवर नव्हते. सहाही फिती लावून पाहिल्या. खाती वाढत वाढत २ गिगाबाइटच्या वर गेली होती, फीत संपत होती, यंत्र ‘जागा नाही’ असे रोज रात्री सांगत होते, आणि माझी ती ओळ तो निरोप रोज रात्री टाकून देत होती. शेवटच्या तीन शाखा एकाही फितीवर नव्हत्या. क्रमाने शेवटच्या, म्हणजे सर्वांत नव्या. लहान गावांतल्या, ऊस आणि दुधाचे पैसे जिथे जमा होत त्या.

वाचवले ते मार्चअखेरच्या फितींनी. वर्षअखेरीचा बॅकअप आमच्या विभागातल्या एक बाई हाताने घेत, स्क्रिप्टने नाही. त्यांचा स्क्रिप्टवर विश्वास नव्हता, आणि यावरून मी त्यांची थट्टाही केली होती. त्यांनी शाखांचे दोन भाग पाडून दोन फिती घेतल्या होत्या. त्या दोन्ही शेवटपर्यंत उतरल्या. मधले चार महिने उभे करायला भिजलेली व्हाउचरे दोरीवर वाळत घातली, आणि तिन्ही गावांत दवंडीवजा निरोप धाडला की आपापले पासबुक घेऊन या. लोक आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत, धोतराच्या घडीत, एकीने तर पोलक्याच्या आत धरून आणलेले. दोन महिने आम्ही पासबुकावरून खाती लिहिली. बहुतेक जुळली. काही जुळली नाहीत, तिथे खातेदाराचे म्हणणे धरले आणि त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

२०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा मी निवृत्त झालो होतो, आणि संस्थेची खाती तोवर दुसऱ्या शहरातल्या मशीनवर गेली होती. जुनी इमारत रिकामी करताना मार्चअखेरच्या त्या दोन डब्या कुणी टाकून देत होते, त्या मी मागून घेतल्या. त्या वाचणारे ड्राइव्ह आता माझ्याकडे नाही. डब्यांवर बाईंचे अक्षर आहे, निळ्या शाईचे, ठसठशीत. एकीवर: ‘मार्च २००५, फीत १, पुढे फीत २ पाहणे.’ दुसरीवर: ‘फीत २, मागील फितीवरून पुढे. संपूर्ण. वाचून पाहिली.’ आणि खाली तारीख घालून छोटी सही.